कोणत्या चाचणीवर भरवसा ठेवायचा?

दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावर ब्रिटिश कौन्सिल आहे, मॅक्स म्युलर भवन आहे आणि इंडिया गेटच्या बाजूला नवे महाराष्ट्र सदनही आहे. पहिल्या दोन ठिकाणी जाऊन कोणी विचारले की ‘मला कोणत्या वर्गात बसवाल?’, तर उत्तर तयार असते. ए-वन, ए-टू, बी-वन अशा पायऱ्या ठरलेल्या आहेत, प्रत्येक पायरीवर माणसाला काय करता यायला हवे ते लिहून ठेवलेले आहे आणि ते तपासायची पद्धतही बसलेली आहे. मराठीबद्दल हाच प्रश्न विचारला तर सगळ्यांनी मान्य केलेले उत्तर दिल्लीत नाही आणि मुंबई-पुण्यातही नाही. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागात ‘मायमराठी’ या नावाने पायरीपायरीचा अभ्यासक्रम तयार झाला, महाराष्ट्र शासनाच्या अमराठी कर्मचाऱ्यांसाठी एतदर्थ मंडळाच्या परीक्षा आहेत, अमेरिकेतल्या मराठी शाळांच्या आपल्या परीक्षा आहेत. पण गुरुग्राममधला बारा वर्षांचा मुलगा आणि न्यू जर्सीतली बारा वर्षांची मुलगी यांचे मराठी एकाच पट्टीने मोजता येईल, अशी सोय अजून कोणी केलेली नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तालकटोरा स्टेडियममध्ये ९८वे साहित्य संमेलन भरले. १९५४ नंतर पुन्हा दिल्लीत भरलेल्या त्या संमेलनाने इथल्या मराठी कुटुंबांत उत्साह आणला, आणि मुलांसाठी मराठीचा वर्ग असावा हा जुना विषय पुन्हा निघू लागला. वर्ग सुरू करणे तसे सोपे आहे. जागा मिळते, शिकवणाऱ्या ताई-काका मिळतात, पुस्तके पुण्याहून येतात. अडते ते पहिल्याच रविवारी. तीस मुले समोर बसलेली असतात आणि कोणाला कुठे बसवायचे ते कळत नाही. सहा महिन्यांनी दुसरा प्रश्न येतो, की मुले काही शिकली का? या दोन्ही प्रश्नांसाठी चाचणी लागते. ती कशी निवडावी, आणि राजधानीच्या परिसरात इतर भाषांसाठी ज्यांनी ती निवडली त्यांच्याकडून काय शिकावे, हे पाहण्यासाठी हा आढावा.

पहिला नियम साधा आहे, आणि तोच सर्वांत जास्त मोडला जातो. निकाल हातात आल्यावर आपण काय करणार, हे आधी ठरवायचे आणि मग चाचणी शोधायची. मुलांचे गट पाडायचे आहेत, कोणाला कुठे अडते ते शोधायचे आहे, प्रमाणपत्र द्यायचे आहे, की आपला कार्यक्रम चालला की नाही हे देणगीदारांना सांगायचे आहे? ही चार वेगळी कामे आहेत आणि एका प्रश्नपत्रिकेत चारही होत नाहीत. बी.एड.च्या पुस्तकात विश्वसनीयता आणि सप्रमाणता या दोन गुणांची व्याख्या पाठ करून घेतात. तीच चाचणी पुन्हा घेतली किंवा दुसऱ्याने तपासली तरी निकाल तोच यावा, ही विश्वसनीयता. जे मोजतो म्हणून सांगितले तेच मोजले जावे, ही सप्रमाणता. पुस्तकात हे दोन गुण शेजारी शेजारी सुखाने नांदतात. वर्गात मात्र एकाला धरायला गेले की दुसरा निसटतो.

राजधानीच्या परिसरातले सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण दिल्लीच्या सरकारी शाळांचे आहे. २०१६ साली दिल्ली सरकारने ‘चुनौती’ ही योजना आणली. सहावीतल्या मुलांची तपासणी केली तेव्हा जवळपास तीन-चतुर्थांश मुलांना स्वतःच्या हिंदी पाठ्यपुस्तकातला परिच्छेद वाचता येत नव्हता. मग वाचता येणारी आणि न येणारी अशी मुलांची विभागणी झाली आणि गटांना ‘प्रतिभा’, ‘निष्ठा’ अशी नावे दिली गेली. पुढे एप्रिल २०१८ मध्ये ‘मिशन बुनियाद’ आले. त्यात महापालिकेच्या शाळाही होत्या आणि उन्हाळ्याच्या सुटीतही वर्ग चालले. या सगळ्याच्या मुळाशी जी चाचणी होती, ती ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीच्या धर्तीची होती. ही पाहणी २००५ पासून ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन केली जाते.

ही चाचणी जवळून पाहण्यासारखी आहे. एका कागदावर चार चौकोन असतात, त्यात अक्षरे, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मुलाला एकट्याला समोर बसवतात आणि सुरुवात मधून, म्हणजे परिच्छेदापासून करतात. मूल एकेक शब्द सुटा न उच्चारता वाक्य वाक्यासारखे वाचते का आणि तीनपेक्षा जास्त चुका करत नाही ना, हे तपासणारा ऐकतो. जमले तर गोष्ट पुढे करतो. नाही जमले तर शब्दांकडे येतो आणि पाचांपैकी चार शब्द बरोबर आले का ते पाहतो. तेही अडले तर अक्षरे. पाच मिनिटांत मुलाची जागा कळते. घरातल्या दोन भावंडांनी एकमेकांचे ऐकून पाठ म्हणू नये म्हणून कागदाचे वेगवेगळे नमुने असतात. पेन्सिल लागत नाही, संगणक लागत नाही, गुणांची बेरीजही करावी लागत नाही.

या चाचणीवर टीका बरीच झाली, आणि ती समजून घ्यायला हवी. ती फक्त खालची पातळी पाहते. दुसरीची गोष्ट वाचणारी आठवीची मुलगी आणि कादंबरी वाचणारी आठवीची मुलगी तिच्या दृष्टीने सारख्याच. वाचलेले समजले का, हे ती मुळात विचारत नाही. ‘मूल पाचवीत आहे पण दुसरीचे वाचते’ असा जो मथळा वर्तमानपत्रात येतो, त्यातला ‘दुसरीचे’ हा शब्द सात-दहा वाक्यांच्या गोष्टीवर उभा असतो. तरीही गट पाडण्याच्या कामाला ती उपयोगी पडते असे माझे मत आहे, कारण निकालातून थेट पुढचा धडा निघतो. शब्दांवर अडलेल्या मुलाला उद्या काय द्यायचे हे शिक्षकाला त्याच क्षणी कळते. हरियाणाच्या कुरुक्षेत्र आणि महेंद्रगढ जिल्ह्यांतल्या सरकारी शाळांत २०१२-१३ मध्ये याच धर्तीवर, रोज एक तास इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे गट करून शिकवण्याचा प्रयोग झाला. त्यात हिंदीत मुलांची सुधारणा दिसली, गणितात दिसली नाही. चाचणी तीच होती, पण तिच्यामुळे वेळापत्रकात रोजचा एक तास बदलला म्हणून ती कामाची ठरली.

दिल्लीत खटकले ते गटांचे कायमपण. पाच मिनिटांच्या चाचणीने केलेली विभागणी महिन्या-दीड महिन्याने पुन्हा तपासायची असते. ती वर्षभराची तुकडी बनली की चाचणीची लहानशी चूकही मुलाच्या माथी बसते. नाव कितीही गोड ठेवा, आपण कोणत्या तुकडीत आहोत हे मुलांना पहिल्याच आठवड्यात कळते.

याच चाचण्यांच्या जातकुळीतल्या एका मोजणीचा इथे उल्लेख हवा, कारण मराठी वर्गांना तिचा मोह पडण्याजोगा आहे. मूल मिनिटाला किती शब्द बरोबर वाचते, हे मोजायचे. मार्च २०२२ मध्ये एनसीईआरटीने तिसरीच्या मुलांची पायाभूत अध्ययन पाहणी वीस भाषांमध्ये केली, त्यात मराठीही होती. प्रत्येक भाषेसाठी वाचनवेगाचे निकष वेगळे ठरवले गेले, आणि ते योग्यच होते. हिंदीत ‘घर में से’ हे तीन शब्द होतात आणि मराठीत ‘घरातून’ हा एक. मराठी मूल मिनिटाला कमी शब्द वाचताना दिसेल, पण तेवढ्याच वेळात तेवढाच मजकूर त्याने पार केलेला असेल. हिंदी शाळेतला आकडा उचलून मराठी वर्गाला लावणारा माणूस मुलांना विनाकारण मंद ठरवील.

आता त्याच परिसरातली दुसरी गोष्ट. गुरुग्राम आणि फरीदाबाद ज्या हरियाणात आहेत, त्या राज्याने ‘सक्षम हरियाणा’ ही मोहीम काढली. एखाद्या ब्लॉकमधली ८० टक्के मुले हिंदी आणि गणितात आपल्या इयत्तेच्या पातळीवर आली की तो ब्लॉक ‘सक्षम’ जाहीर व्हायचा, आणि तपासणी बाहेरच्या संस्थेकडून व्हायची. बाहेरचा तपासनीस आणला हे चांगलेच केले. पण चाचणीच्या निकालावर अधिकाऱ्यांची प्रतिष्ठा टांगली गेली की वर्गातले दिवस चाचणीच्या तयारीत जाऊ लागतात. हा दोष कोणा एका राज्याचा नाही. मुलाला कुठे अडते ते सांगणारी चाचणी साहेबाला कोण कमी पडले तेही सांगू लागली, की शिक्षक तिच्याशी प्रामाणिक राहू शकत नाही. शिकवण्यासाठीची चाचणी आणि हिशेब देण्यासाठीची चाचणी वेगळी ठेवा, हा या अनुभवातून निघणारा सल्ला मी सर्वांत वर ठेवीन.

नावाजलेल्या आंतरराष्ट्रीय परीक्षांबद्दल फार लिहायची गरज नाही. आयईएलटीएस १९८९ पासून आणि टोफेल १९६४ पासून आहे. त्यांच्यामागे संशोधन आहे, तपासनिसांचे प्रशिक्षण आहे, प्रश्नांची पूर्वचाचणी आहे. विद्यापीठाच्या प्रवेशासाठी त्या ठीक आहेत. पण एखाद्या संस्थेने आपल्या सहा महिन्यांच्या इंग्रजी वर्गाचे यश अशा परीक्षेने मोजायचे ठरवले, तर पैसे वाया जातात. अर्ध्या-अर्ध्या पट्टीने चढणाऱ्या गुणांत शंभर-दीडशे तासांच्या शिकवणीचा फरक बहुधा बुडून जातो, आणि ‘वाचन साडेपाच’ या आकड्यातून सोमवारी काय शिकवायचे ते समजत नाही.

बहुपर्यायी परीक्षांचे प्रकरण मात्र जरा सावकाश पाहायला हवे, कारण विश्वासार्ह म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर त्याच येतात. दिल्ली विद्यापीठाचे प्रवेश २०२२ पासून सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेवर होतात. त्यात तेरा भाषांची सोय आहे आणि मराठी त्यातली एक आहे. प्रश्नपत्रिकेत उतारे, शब्दसंग्रह, भाषिक जाण असे सगळे येते. उत्तरे संगणक तपासतो, त्यामुळे तपासनिसाच्या मनःस्थितीचा प्रश्न उरत नाही. मराठी घेतलेल्या विद्यार्थ्याला एक वाक्यही मराठीत लिहावे लागत नाही आणि बोलावे तर नाहीच नाही. पुण्यात जपानी शिकणाऱ्या कोणालाही विचारा. जेएलपीटी ही जपानीची सर्वांत प्रतिष्ठेची परीक्षा एन-फाइव्हपासून एन-वनपर्यंत चढत जाते, आणि तिच्यात ना लेखन आहे ना संभाषण. उच्च पातळी पास झालेला माणूस जपानी पाहुण्यांसमोर अडखळतो, याचे आश्चर्य वाटायला नको. लाखोंच्या निवडीसाठी अशी परीक्षा घ्यावी लागते, हे मान्य. ज्या वर्गात मुले तीसच आहेत, तिथे मात्र सोयीपोटी भाषेचा जीवच बाहेर ठेवण्याची सक्ती कोणी केलेली नाही.

मग बोलणे-लिहिणे घ्यायचे, तर माणसाने तपासायचे, आणि माणसे एकसारखे तपासत नाहीत. १९१२ साली अमेरिकेत स्टार्च आणि एलियट या दोघांनी इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिका १४२ शिक्षकांकडून तपासून घेतल्या. एकाच उत्तरपत्रिकेला कोणी ६४ गुण दिले, कोणी ९८. दुसरीचे गुण ५० ते ९७ इतके पसरले. शंभराहून अधिक वर्षे झाली, पण आपल्याकडे पुनर्मूल्यांकनात गुण कसे बदलतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला यात नवल वाटणार नाही.

महाराष्ट्राच्या दहावीच्या तोंडी परीक्षेने हाच पेच आपल्या घराघरात आणला होता. भाषा विषयांचे २० गुण शाळेकडे असत. आपल्या मुलांना आपणच गुण द्यायचे म्हटल्यावर कोणती शाळा हात आखडता घेईल? जवळपास सगळ्यांनाच भरघोस गुण मिळत, आणि ज्या गुणांत मुलामुलांत फरकच नाही ते काही सांगत नाहीत. २०१८-१९ मध्ये हे गुण बंद झाले. २०१८ ला ८९.४१ टक्के असलेला निकाल मार्च २०१९ च्या परीक्षेत ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, पुढच्याच वर्षी अंतर्गत गुण परत आले, आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. निकालाच्या घसरणीला अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिकेतले बदलही कारणीभूत होते, पण आपल्या चर्चेसाठी महत्त्वाचे वेगळेच आहे. या सगळ्या गदारोळात तिसरा रस्ता कोणी गंभीरपणे चोखाळला नाही. तोंडी परीक्षा ठेवायची, पण परीक्षक दुसऱ्या शाळेचा आणायचा, किंवा काही मुलांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या परीक्षकाकडून पुन्हा गुण देऊन घ्यायचे. तोंडी परीक्षा अविश्वसनीय ठरली ती घेण्याच्या पद्धतीमुळे, आणि शिक्षा झाली ती बोलण्याला.

चाचणीच्या आकड्यांकडे बघताना एक छोटा हिशेब प्रत्येक संयोजकाला यायला हवा. समजा शंभर गुणांची चाचणी आहे, मुलांच्या गुणांचे प्रमाण विचलन १० आहे, आणि विश्वसनीयतेचा गुणांक ०.८४ आहे. हा गुणांक चांगला समजला जातो. यावरून मोजमापाची प्रमाण त्रुटी निघते ४ गुणांची. म्हणजे ४८ गुण मिळवणाऱ्या मुलीची खरी पातळी ४४ ते ५२ यांत कुठेही असण्याची शक्यता साधारण तीनांत दोन, आणि तिसऱ्या वेळी त्याही बाहेर. ५० ला रेघ मारून तिला खालच्या वर्गात आणि ५२ वाल्याला वरच्या वर्गात बसवणे हा निव्वळ नशिबाचा खेळ आहे. रेघेच्या जवळच्या सर्व मुलांशी पाच मिनिटे बोलून मग ठरवणे, हा यावरचा फुकटातला उपाय आहे. दुसरा उपाय चाचणी लांबवण्याचा. ०.७० गुणांकाची चाचणी त्याच दर्जाचे प्रश्न घालून दुप्पट केली तर गुणांक ०.८२ च्या आसपास जातो. पण आठ वर्षांची मुले दीड तास बसणार नाहीत, हे गणिताला कळत नाही.

चाचणीच न घेता पातळी ठरवण्याचीही एक पद्धत दिल्लीत आहे, आणि तिचा मराठी माणसाशी थेट संबंध येतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी हिंदीचे प्रबोध, प्रवीण आणि प्राज्ञ असे अभ्यासक्रम आहेत. कोणी कुठून सुरुवात करायची ते मातृभाषेवरून ठरते. तमिळ किंवा मल्याळम भाषकाने प्रबोधपासून, मराठी, गुजराती, बंगाली भाषकाने थेट प्रवीणपासून, पंजाबी किंवा उर्दू भाषकाने प्राज्ञपासून. लाखो कर्मचाऱ्यांच्या व्यवस्थेत हे स्वस्त आणि एकसारखे आहे, कोणावर पक्षपाताचा आरोप येत नाही. सरासरीला ते बरेचसे लागूही पडते. पण नागपूरचा मराठी माणूस हिंदीत वाढलेला असतो आणि सिंधुदुर्गातल्या गावचा माणूस हिंदी सिनेमापुरतीच ओळखतो. दोघांना एकाच बाकावर बसवले की एक कंटाळतो आणि दुसरा गप्प होतो. पूर्वानुभवाची चार प्रश्नांची यादी भरून घेतली असती तरी मातृभाषेच्या रकान्यापेक्षा जास्त कळले असते.

आणि हाच मुद्दा उलट बाजूने एनसीआरमधल्या, म्हणजे राजधानीच्या परिसरातल्या, मराठी मुलांना लागू होतो. माझ्या मते इथे सगळ्या आयात केलेल्या चाचण्या तोंडघशी पडतात.

नोएडातला पाचवीचा मराठी मुलगा घ्या. आजी फोनवर बोलते ते त्याला कळते, उत्तर मात्र तो हिंदीत देतो. शाळेत पहिलीपासून हिंदी असल्यामुळे देवनागरी त्याला सफाईने येते. ‘असर’च्या धर्तीची मराठी गोष्ट त्याच्यासमोर ठेवा. तो ती धडाधडा वाचून दाखवील. ‘ळ’च्या जागी ‘ल’ म्हणेल, ‘चमचा’तला ‘च’ हिंदीसारखा उच्चारील, पण तीन चुकांच्या नियमात बसेल आणि सर्वांत वरच्या गटात जाईल. मग विचारा, गोष्टीतल्या शेतकऱ्याने बैल का विकला? तो गप्प. त्याने देवनागरी वाचली, मराठी वाचली नाही. दिल्लीच्या सरकारी शाळेतल्या मुलासाठी लिपी हाच अडथळा होता, कारण भाषा त्याला बरीचशी येत होती, म्हणून तिथे वाचून दाखवण्याची चाचणी चालून गेली. इथे अडथळा नेमका उलट बाजूला आहे. अमेरिकेतल्या मराठी मुलांचे पुन्हा तिसरेच. तिथे ऐकून समजणारी मुलगी लिपीपाशी थांबते, आणि वाचनाच्या चाचणीत ती सपशेल नापास होते. एकच कागद, तीन मुले, तीनपैकी दोन निकाल दिशाभूल करणारे.

आपली परंपरागत शुद्धलेखनाची चाचणीही इथे फसवते. हिंदी शाळेतले मूल ‘कवि’, ‘गुरु’ असे ऱ्हस्व लिहिते. मराठीच्या प्रमाण नियमांप्रमाणे आपण ‘कवी’, ‘गुरू’ लिहितो. ताई लाल शाईने गुण कापतात, आणि ज्या मुलाने ऐकलेले वाक्य पूर्ण समजून लिहिले, तो न समजता पाहून पाहून लिहिणाऱ्याच्या मागे पडतो. ऱ्हस्व-दीर्घ शिकवायला हवेच, पण वर्ग ठरवण्याच्या चाचणीत त्याला गुण ठेवले की आपण मराठी मोजत नाही, हिंदीची सवय मोजतो. राजधानीच्या परिसरात अशी घरच्या आणि शाळेच्या भाषेची अंतरे सगळीकडे आहेत. नूहमध्ये मेवाती बोलणारे मूल, पूर्व दिल्लीतले भोजपुरी किंवा मैथिली घरचे मूल हिंदी परिच्छेद आपल्या बोलीच्या वळणाने वाचते. ती चूक धरायची की नाही, हे तपासणाऱ्याला आधीच सांगितलेले नसेल तर दोन तपासणारे दोन निकाल देणार.

रिकाम्या जागांची एक चाचणी इथे उपयोगी पडण्यासारखी आहे. १९५३ मध्ये विल्सन टेलर यांनी ती मांडली. सलग उताऱ्यातला दर सहावा किंवा सातवा शब्द गाळायचा आणि विद्यार्थ्याने तो भरायचा. जागा चाळीस-पन्नास असल्या की निकाल बऱ्यापैकी स्थिर येतो, तपासायला सोपी, छापायला एक पान. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटत असल्यामुळे गाळलेली प्रत्येक जागा अर्थाबरोबर व्याकरणही विचारते. लिपी येणाऱ्या पण भाषा अर्धवट येणाऱ्या आपल्या मुलांना हीच कसोटी हवी. मूळ शब्दच हवा असा आग्रह न धरता अर्थाला बसणारा शब्द चालवावा, मात्र कोणते शब्द चालतील त्याची यादी तपासणाऱ्यांनी आधी एकत्र बसून करावी. बोलण्याची जागा ही चाचणी घेऊ शकत नाही, आणि लहान मुलांना ती रुक्ष वाटते. दहा वर्षांवरच्यांसाठी ठेवावी.

राहिला शेवटचा प्रश्न, कार्यक्रम चालला का? भारतात याचा फार चांगला धडा आहे. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळूर आणि दक्षिण भारतातल्या इतर काही ठिकाणच्या शाळांत व्याकरण न शिकवता कामे सोडवायला देऊन इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग केला. शेवटी मोजमाप करायला ॲलन बेरेटा आणि ॲलन डेव्हिस आले, तेव्हा अडचण अशी, की कोणती चाचणी घ्यायची? व्याकरणाची घेतली तर नेहमीच्या वर्गातली मुले जिंकणार, कामे सोडवण्याची घेतली तर प्रयोगातली. त्यांनी दोन्ही घेतल्या, आणि कोणत्याच पद्धतीकडे न झुकणाऱ्या म्हणून संदर्भातले व्याकरण, श्रुतलेखन, ऐकून-वाचून समजणे अशाही घेतल्या. अपेक्षेप्रमाणे आपापल्या चाचणीत आपापली मुले पुढे होती, आणि तटस्थ चाचण्यांचा कौल प्रयोगाच्या बाजूने पडला. त्या निष्कर्षावर पुढे वाद झाले, होणारच. पण ज्या संस्था स्वतःच शिकवतात, स्वतःच प्रश्नपत्रिका काढतात आणि अहवालात ९० टक्के प्रगती छापतात, त्यांनी बेरेटा-डेव्हिस यांचा हा जुना निबंध एकदा वाचावा.

या सगळ्यातून एनसीआरमधल्या मराठी वर्गासाठी मी काय निवडीन, ते सांगतो. प्रवेशाच्या वेळी कागद देऊच नये. दोन मिनिटांची गोष्ट सांगावी, मुलाने ती आपल्या शब्दांत परत सांगावी, आणि नंतर घरातल्या रोजच्या गोष्टींवर तीन-चार प्रश्न विचारावेत. मुलाने हिंदीत उत्तर दिले तरी थांबवू नये, कारण समजले आहे पण बोलता येत नाही हीच सर्वांत महत्त्वाची नोंद असते. समजणे आणि बोलणे यांना वेगळे गुण द्यावेत, प्रत्येकी १ ते ४, आणि प्रत्येक गुणाचा अर्थ एका वाक्यात लिहून भिंतीवर लावावा. वाचन नंतर घ्यावे, आणि मोठ्याने वाचून झाल्यावर दोन प्रश्न विचारल्याशिवाय गुण देऊ नयेत. पालकांना विचारून फोनवर ध्वनिमुद्रण करावे. गोष्टी निदान चार वेगवेगळ्या असाव्यात आणि चारही सारख्याच अवघड आहेत ना, ते आधी काही मुलांवर पडताळावे.

गुणदान दोघांनी एकमेकांना न विचारता करावे, आणि त्यातला एक त्या मुलाला शिकवणारा नसावा. सुरुवातीला सगळ्यांनी मिळून पाच-सहा मुद्रणे ऐकावीत आणि कोणाला २ आणि कोणाला ३ यावर भांडून घ्यावे. प्रशिक्षण म्हणतात ते हेच, त्याला एक रविवार पुरतो. दोघांच्या गुणांत एकाहून जास्त फरक आला तर तिसऱ्याने ऐकावे. तीन महिन्यांनी दुसरी गोष्ट, तीच पट्टी, आणि गट बदलण्याची पूर्ण मोकळीक. दिल्लीच्या शाळांतली चूक इथे करायची नाही.

वर्षअखेरीस मात्र एक काम टाळू नये, ते कंटाळवाणे असले तरी. जूनमधली दहा आणि मार्चमधली दहा मुद्रणे मिसळावीत, मुलांची नावे आणि तारखा झाकाव्यात, आणि त्याच तपासनिसांना पुन्हा ऐकवावीत. वर्षभर ज्या मुलांना प्रेमाने शिकवले, त्यांना मार्चमध्ये हात सैल सोडून गुण दिले जातात, यात कोणाची लबाडी नसते. जूनमध्ये २ मिळालेल्या मुद्रणाला आता ३ मिळू लागले, तर तेवढी वाढ तपासनिसांची आहे, मुलांची नाही. ती वजा करून जे उरेल तेवढेच पालकसभेत सांगावे.